शिवणीतली माया

"मी मालेगावला राहते" असे कुणाला सांगितले, की पुढचे वाक्य ठरलेलेच असते. "मग काय, तुमच्याकडे कापड स्वस्त असेल!" आणि मला दर वेळी तोच खुलासा करावा लागतो, की बाई, यंत्रमागांचे मालेगाव ते नाशिक जिल्ह्यातले. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले. मालेगाव जहांगीर म्हणतात ते. अकोल्याहून पातूरचा घाट चढून वाशीमकडे निघालात, की वाटेत लागते. इथे मागांचा खडखडाट नाही. आहे तो हमरस्त्यावरच्या ट्रकांचा. कापड आम्हांलाही विकतच घ्यावे लागते, आणि घरात दोन लहान मुले असली म्हणजे ते किती वेळा घ्यावे लागते, हे मी लेकुरवाळ्या भगिनींना सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत मीही फारसा विचार न करता घेत असे. त्या वर्षी मात्र ऐन सोंगणीत पाऊस आला. सोयाबीनची सुडी शेतातच भिजली, शेंगांतल्या दाण्यांना मोड आले, आणि मालाला मिळालेला भाव ऐकून घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलले नाही. दिवाळी तोंडावर आलेली. थोरली पाच वर्षांची, धाकटा अडीचाचा. "मुलांचे तेवढे घे, आपले राहू दे," असे म्हणून ह्यांनी माझ्या हातावर पैसे ठेवले. ते किती होते हे सांगत नाही. पण ते मोजावे लागले नाहीत.

एवढ्यात काय काय बसवायचे? आधी घरात आहे तरी काय ते पाहावे, म्हणून मी मुलांचे कपाट उघडले. त्या दुपारी जे शिकले, तेच आज आपल्यापुढे मांडते आहे.

खाटेवरचे दुकान

थोरलीचे सगळे कपडे मी खाटेवर काढले आणि मोजले. ५८ निघाले! आणि ह्या ५८ कपड्यांची धनीण त्याच सकाळी शेजारच्या बारशाला बाही उसवलेला फ्रॉक घालून गेली होती. कारण काय, तर 'घालायला काही नव्हते'.

मग मी त्यांचे चार ढीग केले. पहिला, आखूड झालेल्यांचा. त्यात १९ कपडे. दुसरा, टोचणाऱ्यांचा: जाळीचे, चमकीचे, आतून अस्तर नसलेले, वाढदिवसाला एकदा घातलेले आणि फोटो निघाल्यावर मुलीने रडून उतरवलेले. ते १२. तिसरा ढीग मला सर्वांत विचित्र वाटला. कपडे धड होते, मापाचेही होते; पण एकटे होते. जांभळ्या टिकल्यांच्या चड्डीवरचा जांभळा सदरा हरवला होता, आणि दुसऱ्या कशावरही ती चड्डी शोभत नव्हती. 'सेट' म्हणून घेतलेल्या कपड्यांची हीच गत. जोडीतला एक गेला, की दुसरा विधुर होऊन बसतो. असे एकटे जीव १६ निघाले. राहिले ११. ह्या ११ कपड्यांवरच माझी मुलगी वर्षभर जगत होती.

आमच्या आजेसासूबाई नव्वदीच्या आहेत. काठी टेकीत त्या दारात आल्या आणि खाटेकडे पाहून म्हणाल्या, "काय वं पोरी, दुकान मांडलं काय?"

मी माझे गाऱ्हाणे सांगितले. त्या हसल्या. "एवढ्या ढिगात लेकराले घालाले एक कपडा नाही? माह्याजवळ दोन परकर अन् तीन पोलके होते. कोणतंबी पोलकं कोणत्याबी परकरावर जाये. मायच तसे रंग पाहून घेये."

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोन परकर, तीन पोलकी: सहा पोशाख. पाच कपड्यांत सहा पोशाख! आणि माझ्या ५८ कपड्यांत बारशाला जाण्यापुरता एक नव्हता.

आजींच्या लहानपणी ही काही हौस नव्हती. महायुद्धाचे दिवस होते. १९४३ साली सरकारने सुती कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणले. त्या 'कंट्रोल'च्या कापडाच्या गोष्टी आजी अजून सांगतात. तिकडे इंग्लंडात १ जून १९४१ पासून कपड्यांसाठी कुपने सुरू झाली होती. पहिल्या वर्षी माणशी ६६. आईच्या जुन्या लुगड्याचा धडका भाग निघाला, की त्याचा परकर व्हायचा; परकर विरला की धाकट्याची झबली; आणि झबली विरली की गोधडी. आणि ज्या वऱ्हाडात ही ओढाताण चालली होती, तो मुलूख कापसाचा! अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद पडला तेव्हा आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि १८७० साली खामगावला आगगाडी आली ती कापसाच्या गाठी न्यायलाच. कापूस आमचा जायचा, कापड बाहेरून यायचे. आज तर आमच्या भागात शेतात कापसापेक्षा सोयाबीनच जास्त.

रात्री पुण्याच्या नणंदबाईंना फोनवर ही परकर-पोलक्याची गोष्ट सांगितली, तर त्या म्हणाल्या, "अगं वहिनी, ह्यालाच मिक्स अँड मॅच म्हणतात. इकडे त्याचे धडे देतात!" मी म्हटले, आमच्याकडे ते धडे काठी टेकीत दारात येतात.

वाढीचा हिशेब

कपडे किती घ्यावेत, हे ठरवण्याआधी मूल किती वाढते हे पाहायला हवे. जन्मताना बाळ सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वाढदिवसाला ते ७५ च्या आसपास पोचते. दुसऱ्या वर्षी आणखी १२ सेंटिमीटर वाढते. पुढे मात्र वेग मंदावतो: वर्षाला ६ ते ७ सेंटिमीटर. चार वर्षांचे मूल जन्माच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे मीटरभर झालेले असते.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी कपड्यांचा साठा करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. बारशाला आलेली झबली-टोपडी दोन-तीन महिन्यांत लहान होतात; तेव्हा आहेर करणाऱ्यांनी मोठ्या मापाचे द्यावे, आणि आईने ते निःसंकोच सांगावे. दुसरे असे, की दोन वर्षांनंतर वाढ मुख्यतः उंचीत होते. कमरेचा घेर फारसा बदलत नाही. त्या ६-७ सेंटिमीटरांतले निम्मे तरी पायांत जातात. म्हणजे पायजम्याच्या खाली ६ सेंटिमीटर कापड दुमडून ठेवले आणि कमरेला नाडी किंवा बदलता येणारे इलॅस्टिक घातले, तर तोच पायजमा दोन वर्षे निघू शकतो.

किती जोड हवेत, हे मात्र उंचीवर नव्हे, धुण्यावर अवलंबून असते. माझे सूत्र साधे आहे. दोन धुण्यांच्या मधले दिवस मोजा, त्यांना रोजच्या जोडांनी गुणा, आणि अडीअडचणीला दोन मिळवा. आमच्याकडे मी मुलांचे कपडे दिवसाआड धुते. आंघोळीनंतर एक आणि संध्याकाळी मातीत खेळून आल्यावर एक, असे रोजचे दोन. दोन दुणे चार, अधिक दोन. म्हणजे वरचे सहा कपडे पुरतात. खालचे चार चालतात, कारण चड्डी सदऱ्याइतकी लवकर मळत नाही. धाकटा त्या वेळी अजून अधूनमधून चड्डी ओली करी, म्हणून त्याला खालचे सहा ठेवले. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, तेव्हा एखादा जोड जास्त. आतले कपडे मात्र भरपूर, निदान आठ, आणि शुद्ध सुती.

रंगांचे कुटुंब

आता आजींच्या आईचे गुपित. 'रंग पाहून घेये' म्हणजे काय?

आधी खालच्या कपड्यांसाठी दोन रंग ठरवावेत. गडद, मळखाऊ आणि बिनछापाचे. मी गडद निळा आणि चॉकलेटी घेतला. थोरलीला निळी अर्धी चड्डी, निळा पायजमा, चॉकलेटी पायजमा आणि चॉकलेटी परकर. वरच्या सहांपैकी दोन साधे: एक मोतिया, एक हळदी. बाकीचे चार छापाचे किंवा रेघांचे. पण प्रत्येक छापात निळ्याचा किंवा चॉकलेटीचा ठिपका तरी हवाच, आणि जमिनीचा रंग दोघांशीही भांडणारा नसावा. छाप एकाच भागावर असावा, वर किंवा खाली. दोन्हीकडे छाप आला की मूल पडद्याच्या कापडासारखे दिसते.

चार खालचे आणि सहा वरचे: चोवीस पोशाख झाले. त्यावर सगळ्यांवर जाईल असे एक खादीचे जाकीट घेतले, की कागदावर अठ्ठेचाळीस! खरे सांगायचे तर त्यातले दहा-बाराच नेहमी वापरात येतात. पण महत्त्व त्या आकड्याला नाही. अंधारात हात घालून कपाटातून कोणतेही दोन कपडे काढले, तरी ते एकमेकांवर चालतात, ह्यात खरे सुख आहे. सकाळच्या घाईत तर फारच.

कापड सुती घ्यावे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत नायलॉनात गुंडाळलेले मूल घामोळ्यांनी हैराण होते. हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी पडते, पण दुपारी पुन्हा ऊन चटकते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा सुती सदरा, वर जाकीट, वर स्वेटर असे थर बरे. एकेक काढता येतो. नवे सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे काय आटायचे ते आधीच आटते. गडद रंगाच्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. फडके रंगले, तर ते कापड दुकानातच राहू द्यावे.

मास्तरांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी कापड घेऊन मी बाजारातल्या टेलर मास्तरांकडे गेले. लहान मुलांचे शिवायला हल्ली त्यांच्याकडे फारसे कुणी येत नाही. तयार कपडे स्वस्त मिळतात, आणि मोबाईलवर बोट दाबले की घरी पार्सल येते. मास्तरांनी थोरलीला स्टुलावर उभे केले, गळ्यातली टेप काढली आणि मला विचारले, "माया किती सोडू?"

शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना हा शब्द नवा नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात, ते पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून, त्याला माया म्हणतात. मीही तो शब्द शंभरदा ऐकला होता. पण त्या दिवशी हातात मोजके पैसे आणि समोर स्टुलावर चुळबुळणारी मुलगी असताना तो निराळाच ऐकू आला.

"भरपूर सोडा," मी म्हटले.

"लेकराचं माप म्हणजे वाहत्या पाण्याचं माप हाये बाई," मास्तर म्हणाले. "आज घेतलं अन् उद्या चुकलं. रेडिमेडात कापड असते, माया नसते."

घरी येऊन मी तयार कपडे उलटे करून पाहिले. खरेच, शिवणीलगत कडा कापून ओव्हरलॉक मारलेला. उसवायला एक बोटही जागा नाही. तेव्हापासून तयार कपडा घेतला तरी आधी तो उलटा करून पाहायची मला सवय लागली आहे.

मास्तरांना मी आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. गळा एवढा मोठा, किंवा खांद्यावर बटणे अशी, की डोके अडकू नये. बटणे पाठीवर नकोत, पुढे हवीत, मोठी हवीत आणि पक्की टाकलेली हवीत. कारण सुटलेले बटण लहान मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. गळ्याशी नाडी मुळीच नको. ती घसरगुंडीवर किंवा पाळण्यात अडकून फास बसतो. अमेरिकेतल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या वरच्या कपड्यांतून अशा नाड्या काढून टाकण्याबद्दल सूचना काढल्या होत्या. आपल्याकडच्या टोपीवाल्या जाकिटांत त्या अजून दिसतात. दिसल्या की ओढून काढून टाकाव्यात.

पुढची बटणे मी आणखी एका कारणासाठी मागितली. मुलाने आपले आपण कपडे घालावेत. मारिया माँटेसरीने १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले. तिच्या शिक्षणसाधनांत लाकडी चौकटी असत: एका चौकटीवर बटणे, एकीवर हूक, एकीवर नाड्या, मुले त्या लावायला-सोडायला शिकत. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हे बालशिक्षण खेड्यात नेले, आणि १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांना बरोबर घेऊन कामाला सुरुवात केली. पुढे बटणे असलेला सदरा ही घरातली तशीच चौकट आहे. धाकट्याला पहिले बटण लावायला चांगली दहा मिनिटे लागली. लागल्यावर तो घरभर पोट पुढे काढून फिरला.

माझी चूक

आता माझी चूकही सांगितली पाहिजे; नाहीतर हा लेख म्हणजे नुसती प्रौढी होईल.

कपडे शिवून आले. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी मी ते खाटेवर मांडले. निळे, चॉकलेटी, मोतिया, हळदी. मी स्वतःवर फार खूष होते. थोरली आली, एकेक कपडा उचलून पाहिला आणि विचारले, "आई, दिवाळीचा कुठे आहे?"

"हेच की."

तिने पुन्हा एकदा सगळे पाहिले. मोठ्याने रडली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, "हे शाळेचे आहेत," आणि अंगणात निघून गेली.

माझ्या हिशेबात सगळे होते. धुणे होते, वाढ होती, पैसे होते. फक्त ती नव्हती. सहा वरचे आणि चार खालचे, सगळे मी निवडलेले! तिला विचारायचे मला सुचलेच नव्हते. आपल्या घरातले पैसे कमी झाले आहेत, हे पाच वर्षांच्या मुलीला कुणी सांगितले नव्हते. पण तिला ते कुठून तरी कळले होते, आणि ह्या मळखाऊ रंगांनी त्यावर शिक्काच मारला होता.

आजींनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, "माह्या दोन परकरातला एक हिरव्या खणाच्या काठाचा होता. माय म्हणे, हा तुह्या मनाचा." एवढेच बोलून त्या आत गेल्या.

मग मी टोचणाऱ्या कपड्यांचा ढीग पुन्हा काढला आणि थोरलीला हाक मारली. "ह्यातला तुझ्या मनाचा कोणता?" तिने क्षणाचाही विचार न करता गुलाबी चमकीचा फ्रॉक उचलला, ज्यात ती रडली होती तोच! रात्री मी त्याला आतून मऊ जुन्या सुती साडीचे अस्तर लावले, बगलेत जिथे जाळी टोचत होती तिथे पट्टी घातली, आणि उरलेल्या चमकीची फीत काढून हळदी सदऱ्याच्या खिशाला लावली. खर्च काही नाही; दोन तासांची जाग्रणी तेवढी झाली.

फ्रॉक देताना एकच अट घातली. हा फ्रॉक दुपारी, फराळाला कुणाकडे जाताना. फटाक्यांच्या वेळी अंगाबरोबर बसणारे सुती कपडेच. ही अट प्रत्येक घरात असावी. नायलॉन आणि पॉलिएस्टर आचेने वितळते आणि कातडीला चिकटते. जाळीचा घेर पणतीवर कधी गेला हे कळतही नाही. सुती कापडही पेटते, पण असे वितळून चिकटत नाही.

तेव्हापासून माझ्या सूत्रात एक आकडा वाढला आहे. चार खालचे, सहा वरचे, आणि एक मनाचा. तो कशावरही न जाणारा असला तरी चालेल. तो हिशेबात धरायचा नाही आणि त्याबद्दल बोलायचेही नाही.

धाकट्याचा वाटा

थोरलीचे कपडे धाकट्याने घालायचे, ही सगळ्याच घरांतली रीत. पूर्वी मला त्याचे वाईट वाटे. बहिणीच्या फुलाफुलांच्या चड्ड्या घातलेला मुलगा चारचौघांत हसे होतो. आता निळ्या आणि चॉकलेटी कपड्यांना मुलगा-मुलगी काही नाही. शिवाय मी एक केले. ताईचा कपडा त्याच्याकडे येताना तसाच येत नाही. त्याला एक नवा खिसा मिळतो, कधी नवी बटणे; आणि तो खिसा कोणत्या रंगाचा, हे तो ठरवतो. जुना कपडा असा त्याचा स्वतःचा होतो. आणि ज्या आखूड १९ कपड्यांनी कपाट अडवले होते, त्यांतले धड होते ते धुऊन, बटणे लावून, शेतावर कामाला येणाऱ्या एका बाईंच्या मुलीला दिले. फाटके मात्र दिले नाहीत. दुसऱ्याला द्यायचे ते आपल्या मुलाला घालता येईल असेच द्यावे. उरलेल्यांची आजींच्या देखरेखीखाली गोधडी झाली.

ह्या गोष्टीला आता तीन वर्षे होतील. मधल्या काळात एक पीक चांगले आले, एक बेताचे. मुलांच्या कपाटात आजही दहा-बारा कपड्यांच्या वर काही नसते, आणि 'घालायला काही नाही' हे वाक्य मी बरेच दिवसांत ऐकलेले नाही.

मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगून थांबते. त्या दिवाळीच्या आधी थोरलीचा तो पहिला निळा पायजमा घोट्याच्या वर गेलेला दिसला. मी खालची दुमड उसवली. बाहेरचे कापड धुऊन धुऊन फिकट झाले होते. पण आतली माया तशीच गडद निळी राहिली होती. पायजम्याच्या तळाशी तेवढी एक पट्टी वेगळी उठून दिसू लागली. ती झाकायला वर फीत लावावी असे माझ्या मनात आले.

थोरलीने पायजमा ओढून घेतला आणि त्या पट्टीवर आपली बोटे आडवी ठेवून मोजली. चार बोटे भरली.

"आई, मी एवढी वाढले?"

"एवढी वाढलीस."

"मग हे झाकू नकोस," ती म्हणाली.

फीत मी पुन्हा डब्यात ठेवली.